बारा ऑक्टोबरचा शिक्का

ब्रानसे बेटावरच्या कौन्सिलच्या कचेरीला एकच खिडकी होती, आणि ती धक्क्याकडे उघडत असे. गेली एकवीस वर्षं डोलीना मॅकास्किल त्या खिडकीशी बसून येणारा प्रत्येक कागद नोंदवत आली होती. समुद्राच्या रंगावरून आज बोट येईल की नाही हे तिला कळे. माणसाच्या चालीवरून तो तक्रार घेऊन येतो आहे की नुसताच हीटरपाशी हात शेकायला, हेही कळे. गेल्या पंधरा दिवसांत मात्र तिला आणखी एक विद्या नकळत साधली होती. कोण कुणाशी बोलायचं थांबलं आहे, हे ती काचेआडून ओळखू लागली होती.

बेट रूरीशी बोलायचं थांबलं होतं.

रूरी तिचा धाकटा भाऊ. धक्क्यावर बोटीचे दोर घेणं, ते खुंट्यांना बांधणं आणि सोडणं, हे त्याचं काम. अठरा नोव्हेंबरच्या सकाळी शाळेतल्या निवृत्त बाई पेगी ॲन मॉरिसन बोटीत चढायला धक्क्याच्या पायऱ्या उतरत असताना लोखंडी कठडा त्यांच्या हातात निखळून आला, आणि बाई सहा पायऱ्या खाली कोसळल्या. पाण्यात पडल्या नाहीत एवढंच नशीब; खुब्याचं हाड मोडलं. तिसऱ्याच दिवशी मुख्य भूमीवरच्या मोठ्या कचेरीतून ग्रेगर ड्यूथी नावाचा अधिकारी आला, तासभर धक्क्यावर उभा राहिला, आणि जाताना एक वाक्य मागे ठेवून गेला. रूरीनं बोटीचा दोर खुंट्याऐवजी कठड्याच्या खांबाला बांधला असावा. त्या ओढीनं कठडा सुटला.

युक्तिवाद सरळ होता. धक्क्याची तपासणी दर महिन्याच्या बारा तारखेला झालेली होती. जानेवारी ते ऑक्टोबर, दहा महिन्यांचे दहा कागद फायलीत होते (नोव्हेंबरचा अजून यायचा होता), आणि प्रत्येकावर 'कठडा: ठीक' असं लिहून खाली सही होती. ठीक असलेला कठडा आपणहून मोडत नाही. मग तो कुणीतरी मोडलेला असला पाहिजे.

सही टॉर्मडची होती, आणि टॉर्मडच्या सहीवर शंका घ्यायची ब्रानसेवर पद्धत नव्हती. तो धक्क्याचा पर्यवेक्षक तर होताच. पण त्याहून अधिक म्हणजे तो चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक होता आणि उपासनेत ओळ देणारा होता. इथल्या उपासनेत वाद्य वाजत नाही. स्तोत्राची एकेक ओळ एक माणूस एकट्यानं गाऊन देतो, आणि मग सगळी मंडळी ती उचलते, जो तो आपापल्या गळ्याच्या वळणानं, लाटा खडकावर वेगवेगळ्या क्षणी फुटाव्यात तशी. तीस वर्षं ती ओळ टॉर्मडनं दिली होती. बेटावरची निम्मी माणसं सख्ख्या बापाच्या आवाजाआधी त्याचा आवाज ओळखायला शिकली होती.

*

"तू बांधला होतास का दोर तिथे?" डोलीनानं विचारलं.

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि उत्तरेतल्या हिवाळ्याप्रमाणे बाहेर अंधार पडू लागला होता. रूरीनं सूपचा चमचा खाली ठेवला.

"तूसुद्धा?"

"विचारतेय फक्त."

"दुकानात विचारतात. पोस्टात विचारतात. आता माझ्या ताटावर पण. कुत्रा तेवढा राहिलाय. त्यालाही विचारून घे, त्याचं काय मत आहे ते."

टेबलाखालच्या कुत्र्यानं आपला विषय निघाल्याचं ओळखून शेपटी आपटली. डोलीना हसली नाही.

"जुलैमध्ये मी खिडकीतून पाहिलं होतं, रूरी. त्या खांबाला दोर होता."

तो बराच वेळ भाकरीचा तुकडा चुरत बसला. लहानपणी खोटं पकडलं गेलं की तो असाच काहीतरी चुरत बसे, आणि खरं बोलूनही कुणी विश्वास ठेवला नाही तरी असाच. दोन्हींतला फरक तिला कधीच कळला नव्हता.

"होडी होती," तो म्हणाला. "बोट नाही, डोली, वल्ह्यांची होडी. दहा मिनिटं. आणि तेव्हाच मला कळलं की खांब हलतोय. टॉर्मडला सांगितलं मी. तीनदा सांगितलं."

"लेखी?"

"लेखी!" रूरी खुर्ची मागे सारून उठला. "जो माणूस रविवारी देवाच्या घरात ओळ देतो, त्याला मी सोमवारी चिठ्ठी देऊ? 'महाशय, आपलं लक्ष वेधू इच्छितो'? अगं, तू तरी दिली असतीस का?"

त्यानं टोपी उचलली, कुत्र्याला शीळ घातली, आणि दारातून वळून म्हणाला, "चौकशी चार तारखेला आहे. नोकरी गेली तर मी मासेमारीवर जाईन. पण या गावात पेगीबाईंना पाडणारा म्हणून म्हातारा व्हायचं नाहीये मला."

दार लागल्यावर ती सांडलेला भाकरीचा चुरा बोटानं गोळा करत राहिली. भावावर तिचा विश्वास होता. पण विश्वासाच्या तळाशी एक छोटासा ओला डाग होता, आणि तो पुसता येत नव्हता.

*

पेगीबाई बेटावरच्या लहानशा दवाखान्यात, खिडकीजवळच्या पलंगावर होत्या.

"आलीस? त्या खुर्चीवर नको बसूस, तिचाही पाय डुगडुगतोय. इथलं सरकारी काही धरून उभं राहायची सोय राहिली नाही."

"बाई, तुम्ही कठडा धरलात तेव्हा..."

"धरला कुठे गं? धरायला गेले. बिस्कीट चहात बुडवून जरा जास्त वेळ ठेवलं की कसं होतं? तस्सं."

"खांबाला दोर होता?"

"दोर रूरीच्या हातात होता. तो टाकून माझ्याकडे धावला पोरगा. बोट भरकटली म्हणून कप्तानानं त्याला शिव्या घातल्या, त्याही मी पडल्या पडल्या ऐकल्या. दोन तर मला नवीन होत्या."

"हे ड्यूथींना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणे, 'एवढ्या आघातानंतर आठवणीवर विसंबता येत नाही.' माझं हाड मोडलंय, डोलीना. आठवण शाबूत आहे." बाईंनी उशी सारखी केली आणि आवाज खाली आणला. "आणि ऐक. मी बोलत होते तेव्हा त्याच्या पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं."

डोलीना घरून आणलेला खाण्याचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवू लागली.

"तिकडे माणसाच्या शब्दाला किंमत नाही, कागदाला आहे," बाई म्हणाल्या. "तर मग कागदच बघ की. तुझ्याच फायलीत आहेत ना? शाळेत असताना तू उत्तरं सुरेख अक्षरात उतरवायचीस. गणित मात्र कधी तपासून पाहायची नाहीस."

*

रविवारी उपासना संपल्यावर टॉर्मड चर्चच्या दाराशी उभा होता. काळा कोट, पांढरे केस, आणि कमरेपासून खाली काहीतरी अवघडल्यासारखी उभं राहण्याची तऱ्हा. त्यानं डोलीनाचा हात हातात घेतला.

"कशी आहेस, डोलीना?"

"बरी आहे. टॉर्मड, मला तुम्हाला एक..."

"आज शब्बाथ आहे," तो हळूच म्हणाला.

शब्बाथाच्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या रविवारच्या दिवशी ब्रानसेवर कामाचा शब्द काढत नाहीत. दोरीवरचे कपडे शनिवारीच आत येतात, बोटी धक्क्याला बांधलेल्या राहतात, आणि मुलांच्या झोपाळ्यालाही कुणीतरी साखळी घालतं. डोलीनानं मान खाली घातली. हात सोडताना त्यानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. सोमवारी तो धक्क्यावर नव्हता, मंगळवारी त्याचा फोन उचलला गेला नाही, आणि बुधवारी सकाळी ती त्याच्या दारात गेली तेव्हा चिमणीतून धूर येत असूनही दार उघडलं नाही. शब्बाथ तीन दिवस लांबला होता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. ते टॉर्मडच्या घराखाली मुरत असेल, ही कल्पनाही तिला पापासारखी वाटली; आणि ती कल्पना एकदा आल्यावर जाईना.

*

त्याच बुधवारी, चौकशीच्या आदल्या दुपारी, ड्यूथी कचेरीत आला. त्याचा पावसाळी कोट नवा करकरीत होता आणि वागणं अत्यंत सौम्य. त्यानं टेबलावर लोणी-बिस्किटांचा डबा ठेवला.

"तुम्ही उद्या इतिवृत्त लिहिणार, असं कळलं. भाऊ तुमचा असल्यामुळे अवघड जाणार नाही ना?"

"मी एकवीस वर्षं लिहितेय."

"तेच म्हणतो मी. अनुभव." तो खिडकीतून धक्क्याकडे पाहत राहिला. "ते तपासणीचे कागद मी सोबत नेतो. मूळ प्रती माझ्याकडे असलेल्या बऱ्या. झेरॉक्स वगैरे काढून ठेवायची गरज नाही."

"नियमानं एक प्रत इथे राहते."

"नियमानं," ड्यूथी हसून म्हणाला, "कागद ज्या दिवशी येतो त्या दिवशीचा शिक्का त्यावर पडतो. नाही का? शिक्क्यांचा विषय उगाच निघायला नको, तुमच्याच दृष्टीनं सांगतो. अहो, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तर कौन्सिल चाललंय."

डोलीनानं कागद त्याच्या हाती दिले. झेरॉक्स तिनं सकाळीच काढून घरी नेले होते; पेगीबाईंचं बोलणं तिला इतके दिवस टोचत होतं. पण आता टोचणी निराळी होती. शिक्क्यांचं या माणसाला कसं कळलं?

कारण शिक्क्यांबद्दल बेटावर दोनच माणसांना ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या तीस तारखेला टॉर्मड भिजलेली टोपी हातात घेऊन आला होता आणि त्यानं दहा कागद एकदम टेबलावर ठेवले होते. "हे राहून गेले होते, डोलीना. ज्या-त्या महिन्याचा शिक्का मार, म्हणजे झालं." आदल्याच दिवशी मोठ्या कचेरीतून एक ईमेल आली होती: हिशेबतपासनीस येणार आहेत, वर्षभराच्या नोंदी सलग असाव्यात. खाली पूर्ण नाव नव्हतं, नुसती दोन अक्षरं: जी. डी. तिनं विचार केला नव्हता. कागद ठेवणारा टॉर्मड होता; तपासण्या झाल्याच असणार, कागद तेवढे उशिरा आले. तिनं शिक्क्याची रबरी चाकं अंगठ्यानं मागे फिरवली आणि जानेवारीपासून एकेक महिना पुढे येत दहा ठसे उमटवले होते. आवक, बारा जानेवारी. आवक, बारा फेब्रुवारी. किती नीटस उमटले होते ते.

*

घरी येऊन तिनं झेरॉक्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं मांडले. अक्षर सगळीकडे सारखं होतं. शाई सारखी होती. जानेवारीच्या गारठ्यात आणि जूनच्या उजेडात एकाच माणसाचा हात इतका तंतोतंत सारखा चालतो का? पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. ड्यूथी म्हणेल, नेमक्या हाताचा माणूस आहे.

किटलीखालचा गॅस बंद करायला ती उठली आणि तिची नजर भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर गेली. डिसेंबरचं पान. तिनं ते उगाचच मागे उलटलं. नोव्हेंबर, ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या एका चौकोनात तिच्याच हातची नोंद होती: 'पाहुणे सहा. मटण. बटाटे शनिवारी सोलून ठेवणे.'

प्रभुभोजनाचा रविवार, भाकर-द्राक्षरसाच्या मोठ्या उपासनेचा. दोन शेजारच्या बेटांवरून माणसं आली होती, तिच्या घरी सहाजण उतरले होते, आणि चर्च इतकं भरलं होतं की पोरं पायऱ्यांवर बसली होती. तो चौकोन बारा तारखेचा होता.

ती खुर्चीत बसली. मग उठून तिनं जानेवारीचं पान काढलं. बारा जानेवारी. रविवार.

मोठ्या कचेरीत बसलेल्या कुणालाही या तारखांत काही खटकलं नसतं. तिकडे रविवारी दुकानं उघडी असतात, माणसं भिंती रंगवतात, गाड्या धुतात. पण टॉर्मड रविवारी हातात हातोडी घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरला असेल, हे ब्रानसेवरचं शेंबडं पोरही मानणार नव्हतं. दहा कागद एका बैठकीत भरताना त्यानं फक्त तारीख पाहिली होती. वार पाहिला नव्हता.

क्षणभर तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. मग तिनं पुन्हा ऑक्टोबरचा कागद उचलला. सहीच्या वर, गोल आणि सुबक, तिचा स्वतःचा ठसा होता. कौन्सिल कचेरी, ब्रानसे. आवक, बारा ऑक्टोबर.

वार तिनंही पाहिला नव्हता.

गेले पंधरा दिवस ती ज्याच्या त्याच्या पावलांकडे संशयानं बघत होती. भावाच्या चुरलेल्या भाकरीकडे, टॉर्मडच्या धुराकडे, ड्यूथीच्या टोपणाकडे. टेबलावरच्या त्या ठशाकडे मात्र तिनं पाहिलं नव्हतं. टॉर्मडचा रविवार उघडा करायचा तर तिचाही होणार होता. आणि गप्प राहायचं तर रूरी उद्या चारचौघांत दोषी ठरणार होता. किटली थंड झाली तरी ती कागद आवरेना.

*

गावच्या सभागृहात गुरुवारी दुपारी दीडशे माणसं होती. चहाचं मोठं पातेलं कोपऱ्यात वाफाळत होतं, पण कुणी उठून घेत नव्हतं. रूरी तिसऱ्या बाकाच्या टोकाला बसला होता; त्याच्या शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या, आणि उशिरा आलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहत होती, पण तिथे बसत नव्हती. डोलीना अध्यक्षाच्या खुर्चीतल्या ड्यूथीच्या डाव्या हाताला वही घेऊन बसली. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं सभेत बोलायचं नसतं. एकवीस वर्षांत ती बोललेली नव्हती.

ड्यूथीनं आवाज चढवला नाही. त्यानं दहा कागद एकेक करून वाचले, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'कठडा: ठीक' हे शब्द आले. मग तो पहिल्या बाकाकडे वळला.

"ही सही तुमची?"

"माझी," टॉर्मड बसल्या जागेवरून म्हणाला.

"मग प्रश्न मिटला. कठडा ऑक्टोबरच्या बारा तारखेपर्यंत भक्कम होता. त्यानंतर जे झालं ते, दुर्दैवानं..." त्यानं सौम्यपणे तिसऱ्या बाकाकडे पाहिलं.

"बोला की पुढे," रूरी म्हणाला. "नाव ठाऊक आहे सगळ्यांना."

"शांत व्हा, मिस्टर मॅकास्किल."

"मी शांतच आहे. कठड्यापेक्षा जास्त."

मागून कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. डोलीनानं पेन वहीवर आडवं ठेवलं. तो बारीकसा आवाज तिला स्वतःला फार मोठा वाटला.

"इतिवृत्तात एक नोंद घालायची आहे," ती म्हणाली.

ड्यूथीनं तिच्याकडे पाहिलं. ओठांवर हसू तसंच होतं, डोळ्यांतलं गेलं होतं. "कुणाची?"

"माझी. बारा ऑक्टोबरच्या कागदावर माझा शिक्का आहे. कागद त्या दिवशी कचेरीत आला, असं तो शिक्का म्हणतो. त्या दिवशी मी कचेरीत नव्हते. कुणीच नव्हतं. मी चाकं फिरवून तो ठसा तीस तारखेला मारला. दहाच्या दहा, एकाच सकाळी. बारा ऑक्टोबरला रविवार होता."

हळूहळू, एकेक करून, सभागृहातल्या सगळ्यांच्या नजरा पहिल्या बाकाकडे गेल्या.

फक्त ड्यूथीला काही कळलं नाही. "बरं," तो म्हणाला, "शिक्क्याची कारकुनी चूक. त्याचं वेगळं बघू. पण एखाद्या निष्ठावान माणसानं सुट्टीच्या दिवशीसुद्धा काम केलं, तर त्याला आपण दोष देणार आहोत का?"

भिंतीपाशी उभी असलेली एक म्हातारी नुसतंच "अरे देवा" म्हणाली.

डोलीनानं टॉर्मडकडे पाहायचं टाळलं होतं. आता तो उठत होता. तो चर्चमध्ये उठे तसाच उठला, बाकाच्या पाठीला हात टेकवून, आधी उजवा गुडघा आणि मग डावा. आणि त्या क्षणी तिला गुडघ्यांचं कळलं. पर्यवेक्षक धक्क्याच्या वर उभा असलेलाच तिनं वर्षभर खिडकीतून पाहिला होता. पायऱ्यांवर कधीच नाही.

"बारा ऑक्टोबर प्रभुभोजनाचा रविवार होता," टॉर्मड म्हणाला. "मी चर्चमध्ये होतो. ओळ मी दिली, आणि तुम्ही सगळ्यांनी ती उचललीत. तुमच्यादेखत मी कसं म्हणू की मी धक्क्यावर होतो?"

तो थांबला. पुढची ओळ सापडत नसल्यासारखा.

"त्या रविवारी नव्हतो, आणि कुठल्याच बारा तारखेला नव्हतो. गुडघे पायऱ्या उतरू देईनात, आणि ते सांगायला जीभ धजेना. रूरीनं मला तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा मी त्याला म्हणालो, 'माझं काम मला शिकवू नकोस.'" त्यानं रूरीकडे पाहिलं नाही, ड्यूथीकडे पाहिलं. "ऑक्टोबरअखेर मला फोन आला. मी म्हटलं, तपासण्या राहिल्यात. तो माणूस म्हणाला, 'तुम्ही काय पाहिलंत ते मला नको, रकाने भरलेले हवेत. शिक्क्यांचं ती बाई बघेल.' नाव त्यानं सांगितलं नाही. पण तीस वर्षं मी कानानं जगलोय. तो आवाज मी आज दुपारपासून ऐकतोय."

ड्यूथीनं पेनाला टोपण लावलं. फार हलकेच लावलं.

"हा मुद्दा या चौकशीच्या कक्षेबाहेर आहे. त्याची नोंद घेऊ नये."

डोलीनाचं पेन चालूच होतं. तिनं वर न बघता विचारलं, "हे कसं लिहू? 'नोंद घेऊ नये असं अध्यक्षांनी सांगितलं', असंच लिहू?"

"चालेल, चालेल," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि अक्षर सुरेख काढ."

रूरीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक म्हातारा कोळी येऊन बसला. त्यानं नुसती तंबाखूची डबी पुढे केली.

*

पत्रं फेब्रुवारीत आली. रूरीचं दोन ओळींचं होतं: दोष सिद्ध होत नाही. टॉर्मडला पत्र येण्याआधीच त्यानं धक्क्याच्या किल्ल्या कचेरीत आणून ठेवल्या होत्या, आणि चर्चमध्ये तो आता शेवटच्या बाकावर बसू लागला होता. नवा माणूस ओळ फार वरच्या पट्टीत देई, आणि ती उचलताना मंडळी चाचपडे. अहवालात ड्यूथीचं नाव कुठे नव्हतं. 'कार्यपद्धतीत काही उणिवा आढळल्या असून त्यांतून योग्य तो बोध घेण्यात येईल,' एवढंच होतं. बोध कोण घेणार, ते लिहिलेलं नव्हतं.

डोलीनाचं पत्र सगळ्यांत लांब होतं. अधिकृत शिक्क्याचा गैरवापर. चौकशीसाठी मार्चच्या दहा तारखेला मुख्य भूमीवर हजर राहावं. तोवर कामावर येऊ नये. तिनं आधी वार पाहिला. मंगळवार. मग खालच्या सह्या पाहिल्या. चौकशी समितीच्या तीन सह्यांपैकी मधली नुसत्या दोन अक्षरांची होती.

दहा मार्चला सकाळी ती धक्क्यावरच्या रांगेत उभी राहिली. कचेरीची खिडकी मागे होती. आत कुणी बसलेलं होतं की नाही, काचेवरच्या उजेडामुळे दिसत नव्हतं. कठडा नवा होता, राखाडी, अजून रंगाचा वास येणारा. रांगेत तिच्या पुढे पेगीबाई होत्या, काठी घेऊन, खुबा दाखवायला निघालेल्या.

पहिल्या पायरीपाशी बाई थांबल्या. काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही हातांनी कठडा पकडला आणि झाडावरून सफरचंद पाडावं तसा गदागदा हलवला. तो हलला नाही. मग त्या उतरल्या.

बाईंच्या मागच्या माणसानंही कठडा हलवून पाहिला. त्याच्या मागच्या बाईनंही. कुणी हसत नव्हतं. रूरी खालून दोर हातात धरून बघत होता.

"गेला महिनाभर असंच चाललंय," तो ओरडून डोलीनाला म्हणाला. "प्रत्येकजण. पाळकसुद्धा. बोटीला रोज पाच मिनिटं उशीर होतो."

"कप्तान काय म्हणतो?"

"काय म्हणणार? तोही हलवतो."

तिच्या मागे काळ्या कोटात टॉर्मड होता. गुडघ्यांच्या डॉक्टरकडे चालला असावा. तिनं वळून पाहिलं, आणि या वेळी त्यानं नजर चुकवली नाही.

"आधी तू," तो म्हणाला.

डोलीनानं कठडा धरला. लोखंड गार होतं. तिनं तो एकदा हलवला, भक्कम वाटला. आणि मग, वाटण्यावर विसंबायची सवय गेल्यामुळे, पुन्हा एकदा, अधिक जोरानं हलवला. ती चार पायऱ्या उतरल्यावर वरून तोच आवाज आला. दोन म्हातारे हात तो कठडा आपल्या सगळ्या ताकदीनिशी हलवून पाहत होते, आणि थांबत नव्हते.